रातांब्याच्या मुलखात

देशावरून कोकणात उतरण्याचा खरा हंगाम कोणता, याविषयी प्रवासी लोकांत एकमत नाही. धबधब्यांचे शौकीन श्रावणात उतरतात, जत्रांचे हौशी मार्गशीर्षात आणि आंब्याचे भोक्ते चैत्र-वैशाखात. परंतु सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील सदाहरित अरण्य आणि त्या अरण्याच्या आश्रयाने राहणारा मनुष्य या दोहोंचा परस्परव्यवहार ज्याला डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्याने वैशाख सरता सरता, आकाशात ढग जमू लागले आहेत पण पाऊस अजून अरबी समुद्रावरच रेंगाळतो आहे अशा त्या अवघडलेल्या दिवसांत, आजऱ्याकडून येऊन आंबोलीचा घाट उतरावा, असे माझे मत आहे. कारण त्या दिवसांत तेथे रातांबे पिकतात.

रातांबा म्हणजे कोकमाचे फळ. गोमंतकात त्यालाच भिरंड म्हणतात. पुण्या-मुंबईच्या स्वयंपाकघरांची त्याच्याशी जी ओळख आहे ती बहुधा बरणीतल्या काळ्याशार, सुरकुतलेल्या, मिठाने ओलसर झालेल्या आमसुलांपुरती असते; आमटीत दोन टाकावीत, पित्त उसळले तर एक जिभेवर धरावे, आणि उन्हाळ्यात पाहुणा आला तर त्याच्या पुढ्यात सरबताचा लाल पेला ठेवावा, यापलीकडे तो परिचय सहसा जात नाही. हे फळ ज्या झाडाला लागते ते झाड कसे असते, ते कोठे उभे असते आणि ते कोणी लावले, असे प्रश्न आमसूल विकत घेणाऱ्याला पडण्याचे काही कारणही नाही. मला ते पडले, याचे श्रेय माझ्या जिज्ञासेपेक्षा घाटातल्या एका नादुरुस्त एस. टी. गाडीकडे जाते. चालक आणि वाहक चाकाशी झटापट करीत असताना उतारू रस्त्याच्या कडेला पांगले, आणि मीही खालच्या बाजूच्या रानात चार पावले टाकली.

‘पर्जन्यवन’ असा शब्द उच्चारला की आपल्या सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढे तत्काळ ॲमेझॉनचे खोरे उभे राहते. वास्तविक आंबोलीला वर्षाकाठी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तेथून दक्षिणेकडे तिळारीच्या खोऱ्यावरून गोव्यातल्या सत्तरीपर्यंत सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर जे अरण्य ठिकठिकाणी तुटत, विरळ होत, पुन्हा दाटत गेले आहे, ते त्याच गोत्राचे आहे. ज्या झाडांना वर्षात कधीच निष्पर्ण होणे ठाऊक नाही अशी अंजनी, जांभूळ, नागकेशर आणि सुरंगी तेथे एकमेकांच्या सावलीत वाढतात. माथ्यावरच्या वृक्षांनी उन्हाचा बहुतेक वाटा आपल्याकडे ठेवून घेतल्यावर जे काही झिरपून खाली येते त्यावर मधल्या मजल्यावरची झाडे आपला निर्वाह करतात. आणि या मधल्या मजल्यावरचाच एक शांत, निरुपद्रवी, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा रहिवासी म्हणजे कोकम.

प्रथमदर्शनी त्याच्यात लक्ष वेधून घेण्यासारखे फारसे नाही. उंची दहा-पंधरा मीटरांची. आकार खाली रुंद आणि शेंड्याकडे निमुळता. फांद्या जमिनीकडे झुकलेल्या, इतक्या की कित्येकदा खोड दिसतच नाही. पाने गर्द हिरवी व तकतकीत, मात्र कोवळी असताना तांबूस. सालीला जखम झाली तर पिवळसर चीक पाझरतो. या झाडाचे वनस्पतिशास्त्रातले नाव गार्सिनिया इंडिका असे असून ज्याला फळांची राणी म्हणून मलायाचे लोक गौरवितात ते मँगोस्टीन त्याचे सख्खे भावंड आहे. भावंडांच्या नशिबात मात्र अंतर पडले. मँगोस्टीन चांदीच्या तबकात जाऊन बसले. आणि आमचा रातांबा, ज्याचे मूळ वतन पश्चिम घाट, तो घाटाखालच्या चुलीपाशीच राहिला.

त्या दिवशी झाडाखाली फळांचा सडा पडला होता. लिंबाएवढी, गोल, कोवळेपणी हिरवी आणि पिकल्यावर जांभळ्याकडे झुकणारी लाल. काही सांडलेली, काही अर्धवट खाल्लेली, आणि वर फांद्यांत वानरांची एक टोळी आम्हां उतारूंकडे हिस्सेदाराच्या नजरेने पाहत बसलेली. रान म्हणजे सामायिक मिळकत आहे आणि तिची पहिली वहिवाट आपली आहे, याविषयी वानरांच्या मनात संदेह नसतो. फळ फोडले तर आत पांढऱ्या, बुळबुळीत गरात गुरफटलेल्या पाच ते आठ बिया. गर आंबटगोड, आणि जाड साल अशी जळजळीत आंबट की डोळे आपोआप मिटावेत. ती लाली बोटांना लागली की साबणाला दाद देत नाही. पुढे सावंतवाडीच्या बाजारात त्या दिवसांत हिंडणाऱ्या बायांच्या तळहातांवरून कोणाच्या घरी रातांबे फोडण्याचे काम चालले आहे हे मला न विचारताच कळू लागले. वानर, उदमांजर, वटवाघूळ ही मंडळी फळ खातात व बी दूर नेऊन टाकतात. त्यामुळे कोकमाचे झाड कोठे उगवावे याचा निर्णय शतकानुशतके त्यांच्याच हाती राहिला, मनुष्याच्या नाही. कड्याच्या कपारीत, ओहोळाच्या काठी, देवराईत, वरकस जमिनीच्या बांधावर, माडा-पोफळीच्या बागेच्या कोपऱ्यात, घराच्या मागील दारी, जेथे बी पडले तेथे झाड उभे राहिले. त्याला कोणी शिंपले नाही, खत घातले नाही, आणि त्यानेही कधी तक्रार केली नाही.

दाणोलीवरून सावंतवाडीला येऊन पुढे दोडामार्गच्या रस्त्याला लागल्यावर मी एका गावात मुक्काम केला. ज्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या खळ्यात माणसाला पाय ठेवावयास जागा नव्हती. एका अंगाला चटयांवर उलगडलेल्या लाल साली वाळत होत्या. दुसऱ्या अंगाला पाटीभर ओल्या बिया. पडवीत बायका अर्धवर्तुळ करून बसलेल्या, प्रत्येकीच्या पुढे रातांब्यांचा ढीग. फळ फोडायचे, गर आणि बिया एका भांड्यात, साल दुसऱ्यात. गराचा जो रस निथळेल त्यात मीठ घालायचे, त्या रसात साली बुडवायच्या, उन्हात टाकायच्या, वाळल्या की पुन्हा बुडवायच्या, पुन्हा उन्हात. असे चार-पाच वेळा केले म्हणजे साल जाड, काळी व टिकाऊ होते आणि तिला सोल हे नाव प्राप्त होते. बाजारात स्वस्त मिळणारी जी आमसुले बरणीत ठेवल्यावर महिन्याभरात फिकट पडतात त्यांना या पुटांपैकी निम्मी पुटे मिळालेली नसतात, असे मला तेथे सांगण्यात आले, आणि घरी परतल्यावर माझ्या नेहमीच्या वाण्याकडील मालाकडे मी नव्या दृष्टीने पाहू लागलो.

हे सर्व काम चालू असताना त्या घरातल्या आजीचे लक्ष चटईकडे नव्हते, आकाशाकडे होते. नैर्ऋत्येला एक करडा ढग आला होता. मी सहज म्हणालो, “आजी, एवढी काळजी कसली करता?” त्यांनी मान न वळवताच उत्तर दिले, “पावस इलो काय सगळा कुसतला, बाबा.” 

या एका वाक्यात कोकमाचा सारा अर्थव्यवहार सामावलेला आहे. हे झाड पावसाचे अपत्य. जेथे तुफान पाऊस पडतो तेथेच ते सुखाने नांदते. आणि त्याचे फळ मात्र नेमके अशा वेळी पिकते की पहिल्या सरी येऊन धडकतात तेव्हा निम्मेअधिक पीक अजून झाडावर असते. दक्षिण कोकणात जूनच्या पहिल्या आठवड्यात मृगाचा पाऊस सुरू होतो, रातांबे तर जून सरेपर्यंत पिकत राहतात. ओले फळ झाडावरून गळून चिखलात पडते, उतरवले तरी वाळवायला ऊन नसते, आणि झुकलेल्या फांद्यांवर निसरड्यातून चढून ते काढण्याचे धाडस कोणी करीत नाही. सृष्टीच्या दृष्टीने यात काहीच चुकलेले नाही. बी पडावे आणि लगेच पावसाने रुजावे, हीच तिची योजना. गोची होते ती उन्हाची अपेक्षा धरून चटई अंथरणाऱ्या माणसाची. जे उन्हात वाळवणे साधत नाही त्याचा मग आगळ करतात, म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस. किंवा सालींवर साखरेचे थर देऊन अमृतकोकम करतात. सोलकढीत नारळाच्या दुधाशी ज्याचा संगम होतो तो बहुधा हा आगळच. पण माझे मत विचाराल तर ताज्या रातांब्याचे तिवळ, त्यात जिरे, मीठ आणि हिरव्या मिरचीचा किंचित ठेचा, हे पेय सोलकढीहून श्रेष्ठ आहे. ते बरणीत भरून विकता येत नाही, हाच काय तो त्याचा दोष, आणि खाद्यपदार्थाच्या बाबतीत मी तो गुण समजतो.

बियांचा हिशेब निराळा. त्या वाळवून, फोडून, आतला मगज कुटून पाण्यात उकळतात, आणि वर जो स्नेह तरंगतो तो निवला की घट्ट होतो. तो मुठीत दाबून त्याचे लांबट गोळे करतात. सिंधुदुर्गात त्याला मुठेल म्हणतात. आजींच्या फडताळात एका जुन्या कापडात गुंडाळलेले असे तीन-चार गोळे होते. तळपायाच्या भेगांवर, भाजलेल्या जागी, थंडीत फुटणाऱ्या ओठांवर त्याचा उपयोग, आणि कोठे कोठे जेवणातही. वैशाखाच्या त्या उकाड्यातही ते वितळलेले नव्हते, कारण हा स्नेह चाळीस अंशांच्या आगेमागे पातळ होतो. नेमक्या याच गुणाने त्याला फार लांबच्या दरबारात प्रवेश मिळाला आहे. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटविषयी जो निर्देश काढला, त्यात कोकोच्या स्नेहाखेरीज चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत कोणते वनस्पतिजन्य स्नेह घालता येतील याची गणती आहे. तेथे अवघी सहा नावे आहेत, आणि त्यांपैकी एक कोकमाचे आहे. ब्रुसेल्सच्या दप्तरात ज्याची नोंद होते ते आजींच्या फडताळात चिंध्यांत गुंडाळून पडते, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि मग माझ्या टाचांकडे पाहून एक गोळा माझ्या हातावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसात फिरताना मी एका भरदार झाडापाशी थांबलो. इतर झाडांखाली लाल सडा, आणि याच्याखाली एकही फळ नाही. मी विचारले. आजी म्हणाल्या, “ह्यो नर. ह्येका फळा धरणत नाय. पण तोडूचो नाय हां.”

कोकमात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी लावले तर त्यातून कोण उगवेल हे सांगता येत नाही. साधारणपणे निम्मी झाडे नर निघतात, आणि ती नर आहेत हे कळायला सहा-सात वर्षे, म्हणजे पहिली फुले येईपर्यंत, वाट पाहावी लागते. इतका काळ एका झाडाला जागा द्यायची आणि शेवटी त्याने रिते हात दाखवायचे, हे ज्याच्या जमिनीचा गुंठा-गुंठा भावाभावांत वाटला गेला आहे त्या खातेदाराला परवडणारे नाही. म्हणून बागायत म्हणून कोकम लावण्याचा प्रघात आपल्याकडे पूर्वी पडलाच नाही, आणि फळ रानातून मिळेल तेवढे घ्यायचे, एवढ्यावरच पिढ्या गेल्या. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या कोंडीतून वाट काढली. चांगल्या मादी झाडाची काडी घेऊन मृदकाष्ठ कलम केले तर झाड मादीच निघणार, आणि फळही लवकर धरणार. यातही एक खोच आहे: आडव्या फांदीची काडी वापरली तर कलम आयुष्यभर आडवेच पसरते, सरळ उभारत नाही, काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याचीच पाहिजे. ‘कोकण अमृता’ ही निवडक जात विद्यापीठाने १९९७ साली प्रसृत केली, पुढे मोठ्या फळाची ‘कोकण हातीस’ आली, आणि २०१६ साली सिंधुदुर्ग व रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या झाडाला कोणी कधी आळे केले नव्हते त्याला आता ओळीत उभे राहण्याची सवय होत आहे. मला हे आवडले, आणि थोडे खटकलेही. कलमांच्या बागेत सगळीच झाडे मादी. म्हणून परागीभवनासाठी मधून मधून काही नर झाडे मुद्दाम राखा, असे कृषितज्ज्ञांना सांगावे लागते. आजींना ते कोणी सांगितलेले नव्हते.

दोडामार्ग ओलांडून डिचोली, साखळी करीत मी वाळपईला पोहोचलो, तेव्हा सीमा कोठे लागली हे रानावरून कळले नाही. नाक्यावरच्या पाट्यांवरूनच काय ते कळले. रातांब्याचे भिरंड झाले, मुठेलाचे भिरंडेल झाले, झाड तेच राहिले. येथे मला एका जुन्या माणसाची आठवण होणे अपरिहार्य होते. गार्सिया द ऑर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने हिंदुस्थानातल्या औषधी व सुगंधी द्रव्यांविषयी लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. या देशात छापलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्यात भिरंडाचाही परामर्श आहे: आतून रक्तासारखे लाल, अतिशय आंबट, रंगकामाला उपयोगी, आणि साली समुद्रमार्गे पाठवून त्यांचा शिरका करतात, अशा आशयाची नोंद त्या चौकस गृहस्थाने केली आहे. त्याच्या नशिबी पुढे जे आले ते मात्र ऐकवत नाही. तो १५६८ साली वारला, आणि तो मनातून यहुदीच होता असा ठपका ठेवून इन्क्विझिशनने १५८० साली त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. झाडाच्या कुळाला जे गार्सिनिया हे नाव मिळाले तेही त्याचे नव्हे. लॉरेंत गार्सिन या डच कंपनीच्या चाकरीतल्या दुसऱ्याच वैद्याचे.

म्हादईच्या अभयारण्याच्या कडेने जाताना सत्तरीतले रान अजून भरगच्च दिसते. तसे दोडामार्ग तालुक्यात सर्वत्र दिसत नाही. परतीच्या वाटेवर मी आणखी एक फेरफटका मारला तेव्हा मधल्या मजल्यासकट सगळे रान उतरवून केलेल्या रबराच्या आणि अननसाच्या लागवडी लागल्या. एकाच वयाची, एकाच उंचीची झाडे, खाली ना वाळलेला पाचोळा ना पक्ष्याचा आवाज. जमीन विकणाऱ्याला मी दोष देत नाही. पडजमिनीतून काहीच हाती लागत नसताना जो रोकड रक्कम मोजतो त्याला ती देणे हा व्यवहार आहे, आणि मुंबईत नोकरी करणाऱ्या हिस्सेदाराला बांधावरची कोकमे मोजून पाहायला सवडही नसते. परंतु अशा वेळी कायद्याचा तरी काही आधार असावा, अशी अपेक्षा वावगी म्हणता येणार नाही. खाजगी जमिनीतल्या झाडांच्या तोडीवर निर्बंध घालणारा आपल्या राज्याचा १९६४ चा अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, हिरडा, साग यांची नावे आहेत. कोकमाचे नाव तेथे नाही. ब्रुसेल्सने ज्याची दखल घेतली, दापोलीने ज्याची कलमे बांधली, ज्याला मानांकनाचा दस्तऐवज मिळाला, त्याचा समावेश या यादीत होण्यास कोणती हरकत आहे, हे मला समजलेले नाही, आणि लोकप्रतिनिधींनी यात लक्ष घालावे.

ते होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्या बांधावर, परसात किंवा सामायिक रानात फळ न धरणारे कोकम उभे आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे की, कुऱ्हाडवाल्याला बोलावण्यापूर्वी एक हिवाळा थांबावे. कार्तिकापासून माघापर्यंत हे झाड फुलते. नरफुले झुबक्यांनी येतात, मादीफुले एकेकटी किंवा दोन-तीन. झुबके दिसले तर झाड नर आहे, आणि शेजारच्या बांधावरील फळांत त्याचा वाटा आहे असे समजून ते राखावे.